गैरहजर

बार असोसिएशनची स्मरणिका निघते आहे,
जुन्या वकिलांवर प्रत्येकी चार ओळी.
मोडी वाचता येतं म्हणून माझ्याकडं आले;
एकोणतीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये काढलेला माणूस मी,
शिंकलो तर अजून संस्थानची धूळ निघते.

वाट्याला आले तवनाप्पा जिनगोंडा मगदूम.
गाव रुकडी. सनद अठराशे चौऱ्याहत्तर.
म्युनिसिपालटीचे सभासद, तीन खेपा.
मृत्यू प्लेगात.
झाल्या की चार ओळी.
द्याव्यात लिहून आणि गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन घरी जावं.

पण अठराशे ब्याऐंशीच्या सभावृत्तात
एक पान फुगलेलं, कधीतरी भिजलेलं:
ठराव सातवा. कळंब्याच्या पाण्याचा एक नळ
कातडी कमावणारांचे गल्लीस द्यावा.
मांडणार रा. मगदूम.
बाजूने पाच. विरुद्ध पाच.
अध्यक्षांचे जादा मत विरुद्ध.
मांडणार गैरहजर.

गैरहजर म्हणजे कुठं?
शाहूपुरीत त्यांच्या खापरपणतूचं
ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे.
बेअरिंग पुसता पुसता तो म्हणाला,
जेवायला गेलतं की.
दिवस मावळायच्या आत जेवायचं, आमच्यात तसंच.

सभा लांबली. म्हणजे कुणीतरी लांबवली.
कंदिलाच्या तेलावर तासभर,
मग हत्तीच्या वाटेत येणाऱ्या फांद्यांवर,
मग फांद्या कुणाच्या मालकीच्या यावर.
खिडकीतलं ऊन पिवळं होऊन भिंत चढायला लागलं
तसे ते पगडी सारखी करून उठले.
परत आले तेव्हा दिवा लागला होता
आणि शिपाई खुर्च्या उचलत होता.

पक्षकारांसाठी तारखा मागण्यात हयात गेली,
त्यांना स्वतःला एक तारीख कुणी दिली नाही.

पुढच्या महिन्यात ठराव नाही, तक्रार आहे:
रा. मगदूम यांनी सभा चालू असता
पितळी डबा उघडून भाकरी खाल्ली.
दही सांडले. सभेची अदब राहिली नाही.
त्याच्या पुढच्या महिन्यात तीच तक्रार, दह्याशिवाय.
त्याच्याही पुढं लिहिणाऱ्या कारकुनालाच कंटाळा आला असावा,
समासात नुसतं एवढंच:
भाकरी.
सहा वर्षं हा शब्द उतरत जातो पानांच्या कडेनं,
कधी शाई दाट, कधी पाणी घातलेली,
आणि मधल्या मजकुरात नळ पडतो,
पुन्हा येतो, पुन्हा पडतो.
पण मांडणार हजर.

नळ बसला एक्क्याण्णव साली, दुसऱ्याच कुणाच्या अर्जावर.
त्या समारंभाची पाहुण्यांची यादी सव्वा पान आहे.
ह्यांचं नाव नाही.
तारीख ताडून पाहिली:
त्या दिवशी हे पन्हाळ्याच्या कोर्टात,
एका बांधाच्या दाव्यात उभे,
आणि तो दावाही हरले.

गल्लीत जाऊन आलो. उगीचच.
वहाणेला तळ ठोकत बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं,
मगदूम वकील, ठाऊक आहेत?
तोंडातला खिळा काढून म्हणाला,
आमचा वकील सातपुते. तुमची केस काय आहे?
मी म्हटलं, काही नाही.
पाणी किती वाजता येतं हो तुमच्यात?
सांजचं, म्हणाला. दिवे लागले की.

घरी येऊन चार ओळी पुन्हा लिहिल्या.
सनद राहू दिली, प्लेग राहू दिला,
तीन खेपांच्या जागी लिहिलं,
सभेत भाकरी खाल्ली.

संपादक नव्या पिढीचे. फोनवर हसले.
साहेब, हे चुकून आलंय का?
काल प्रूफ आलं. ती ओळ नाही.
फोटो मिळाला नाही म्हणून
त्या जागी तराजूचं चित्र.

मी शुद्धलेखन तपासलं.
रुकडीचा रु दीर्घ पडला होता, तो ऱ्हस्व केला.
मग पेन्सिल नीट टोक करून घेतली
आणि समासात, मोडीत,
कारकुनानं लिहावा तसा बारीक,
तो एक शब्द.